मशीनमधी रडलेलं लेकरू

पोरगी रडली.

आन् कवा रडली, तर आमच्या डाक्टर सरांनी दूध संस्थेच्या सचिवांना "उभं राहा, श्वास धरा आन् खाली जोर लावा" म्हणलं आन् तेवढ्यात लाइट गेली, बराबर त्याच टायमाला. सोनोग्राफीच्या खोलीच्या खिडक्या आधीच बंद, आता तर डोळ्यात बोट घातलं तरी दिसंना. फकस्त मशीन बॅटरीवर चालू, तिचा निळा उजेड छताला लागलेला. सर "जनरेटर बघतो" म्हणून तसेच बाहेर पळाले आन् जाताना "आता सोडा श्वास" म्हणायचं इसरले.

हिरव्या पडद्याच्या पलीकडं सचिव, दोन्ही हातानं धोतर वर धरून उभे. डाक्टरनं सांगितलंय म्हून जोर लावायलेत. अलीकडं मी, भिंतीकडं तोंड करून, हातात पुसायचे कागद. आन् माझ्या पायापाशी, जेलच्या बाटल्यांच्या रिकाम्या खोक्यात, माझी सात महिन्याची छकुली, जी तिथं असायलाच नको व्हती.

सचिवांचा श्वास संपत आला तसा त्यांनी शेवटचा जोर लावला. तोंडातून "हंऽऽऽ" आसा आवाज निघाला, म्हशीनं खुंटा उपटावा तसा. छकुली दचकली आन् टॅहँ टॅहँ करून रडली.

मी खाली बसले, तिला उचललं, पदराखाली घेतलं. लगेच गप झाली. पण पडद्याच्या पलीकडंबी सगळं गप झालतं. मग हळूच, देवळात बोलतात तसा आवाज आला.

"मावशी."

"काय व्हो?"

"हे... हे मशीनमधून आलं का?"

इथं मी म्हणायला पायजे व्हतं, माझं लेकरू हाय. तीन शब्द. पण छकुलीला आत ठेवते हे सरांना कळलं तर दुसऱ्या दिवशी मी घरी. तोंडातून भलतंच निघालं.

"व्हय. येतो आवाज कधी कधी."

"आसं!" सचिव म्हणले. आन् एवढा मिशावाला माणूस अंधारात मुसमुसून रडायला लागला.

हा अंक काढणाऱ्या बाई मला म्हणल्या, तुझ्या नोकरीतलं लिव, जशी बोलतीस तशीच लिव. बाकीचे लोक तीस-तीस वर्षाच्या नोकरीचं लिवतात, माझी सगळी मिळून दोन वर्षं झाली. शाळा सातवी, तीबी अर्धी. चुकलं तर बाई नीट करतीन म्हणल्यात.

बीडात एका सोनोग्राफी सेंटरात मी मावशी हाय. वय माझं बावीस, पण फरशी पुसणारी म्हणलं की मावशीच, साठ वर्षाचा म्हातारा आजोबाबी मला मावशी म्हणतो. पहिल्या दिवशी तर मी मागं वळून बघितलतं, कोण मावशी आली म्हून.

ते साल दुष्काळाचं. आमचे हे पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर, चार-चार दिवस घरी न्हाईत, आन् आले तरी झोपेत "पाइप धरा, पाइप धरा" म्हणून वरडायचे. सासूबाई दोन गाई घेऊन चारा छावणीवर. तिथंच पाल मारून राहायच्या, जनावर सोडून येता येत न्हाई. मग छकुली ठेवू कुणापाशी? आमच्या खोलीला वरून पत्रा. दुपारच्याला त्या पत्र्याखाली लेकरू ठेवणं म्हंजी तव्यावर भाकर टाकणं. आन् सेंटरात एसी. तो एसी माणसासाठी न्हाई, मशीनसाठी हाय. मशीन तापली की सरांचा जीव वरखाली व्हतो. पण त्या गारव्यात खोका ठेवला की छकुली दोन-दोन तास निवांत झोपायची. सरांचा नेम कडक व्हता, मशीनच्या खोलीत लेकरू न्हाई म्हंजी न्हाई. कवातरी कुणाच्या तरी लेकरानं मशीनची वायर चावलती म्हणं. म्हून मी तिला मागच्या दारानं आणायची, धुवायच्या चादरींच्या पिशवीत, तोंड उघडं ठेवून. सर समोरून आले की माझं काळीज आसं उडायचं की चादरीबी हलायच्या.

आता बाप्याची सोनोग्राफी म्हंजी काय, हे सांगावंच लागंल. लिवताना लाज वाटायली, पण लिवते.

लेकरू व्हईना म्हणलं की आमच्याकडं बाई येती. एकटी येत न्हाई, सासू आणती. सासू कागद हातात ठेवती, बाई खाली बघत बसती. तिला तांब्या-तांब्या पाणी पाजायचं, पोट फुगल्याबिगर आतलं नीट दिसत न्हाई. तिच्यात काय निघालं न्हाई तरी सहा महिन्यानं तीच बाई, तीच सासू, तोच तांब्या. मग सर म्हणतात, "आता मालकांना आणा." तेवढं म्हणलं की सासू आशी बघती जसं सरांनी जमीन मागितली.

आन् बाप्याच्या तपासणीत तर काहीच तकलीफ न्हाई. सुई न्हाई, चिरा न्हाई, पाणीबी प्यावं लागत न्हाई. थंड जेल लावायचं आन् साबणाच्या वडीएवढा एक दांडा त्या जागेवरून फिरवायचा. दांड्यातून आवाज आत जातो, आपल्याला ऐकू न येणारा, तो आपटून माघारी येतो आन् मशीन त्याचं चित्र करती. सर त्या जागेला अंडकोष म्हणतात, मी ती जागाच म्हणते. मला सरांनी एकदा समजून सांगितलतं, "मावशी, कारखाना केवढा हाय, आतल्या पाइपात कुठं अडकलंय का, ते हिच्यात दिसतं. साखर किती पोती निघाली, ते खालचा लॅबवाला मोजतो." त्या साली आमच्या भागातला साखर कारखाना उसाबिगर बंदच व्हता. धुराडं उभं आन् साखर न्हाई. मला लगेच समजलं.

शिरांसाठी दुसरं बटण हाय. ते दाबलं की रक्त लाल-निळं दिसतं आन् हुश्श हुश्श आवाज येतो. शीर फुगलीय का बघायला माणसाला उभं करून जोर लावायला सांगतात. त्या जागेच्या शिरा फुगल्या की तिथं गरम रक्त तुंबतं. देवानं ती जागा अंगाच्या बाहेर ठेवली ती गार राहावी म्हून, आन् तिथंच गरमी झाली की माल खराब. एवढंच हाय ते. लहानसं आपरेशन केलं की बऱ्याच जणांचं नीट व्हतं, सगळ्यांचं न्हाई व्हत.

बाप्यांकडं बघायला आमच्याकडं नामदेवमामा व्हते. पण त्या उन्हाळ्यात तेबी बैल घेऊन छावणीवर गेले आन् ते काम माझ्या गळ्यात आलं. सरांनी हिरवा पडदा लावून दिला. मी अलीकडं भिंतीकडं तोंड करून उभी राहायची आन् पडद्यावरून हात घालून जेल द्यायची, कागद द्यायची. बस.

तेवढ्यावरबी माणसं लाजून मरायची. एकानं चिठ्ठीवर बायकोचं नाव घातलतं. मी बाहेर येऊन "सत्यभामाबाई चला" म्हणलं तर मिशीला पीळ देत हा उठला. एक माजी सरपंच हेल्मेट घालून आलते. मला वाटलं आत गेल्यावर काढतील. न्हाई. पलंगावर झोपले तरी हेल्मेट. सर म्हणले, "साहेब, डोक्याची तपासणी न्हाई." तर आतून घुमल्यावानी आवाज आला, "तुमी तुमचं बघा, मी माझं बघतो." आन् एकजण, मी बायांना पाणी द्यायली बघून म्हणला, "मावशी, माझीबी बायांचीच करा. आमच्या गावात आठ दिवसानं टँकर येतो, इथं तांब्याभर गार पाणी तरी मिळंल." त्याला मी दोन तांबे दिले. सरांना सांगितलं न्हाई.

तर सचिव. त्यांचं नाव सांगत न्हाई, गावबी सांगत न्हाई, त्यांच्या मालकिणीनं मला तेवढी शपथ घातलीय. लग्नाला नऊ वर्षं झालती. मालकीण, तिला इथं सुमनताई म्हणते, आमच्याकडं पाच येळा तपासून गेलती, तिच्यात काहीच न्हाई. शेवटी सरांनी सचिवांना हट्टानं बोलावलं, आन् त्या दिवशी ते हे झालं.

लाइट आली, सर आले, राहिलेली तपासणी केली. मग सचिवांना समोर बसवून सांगितलं, डाव्या बाजूच्या शिरा फुगल्यात, लॅबमधी आकडा कमी आलाय, लहान आपरेशन करून घ्या.

सचिव गालात हसायलेत. म्हणले, "सर, फॅट किती लागली?"

"काय?"

"न्हाई, म्हणलं फॅट, डिग्री. आमी आठरा वर्षं दूध मोजायलोत. आकड्यावर माझा इश्वास हाय, पण मशीन स्वतः बोलली तर आकडा कशाला बघायचा?"

"कोण बोललं?"

"तुमी बाहेर गेलते, सर," सचिव म्हणले. उठले, मशीनला दोन्ही हात जोडले, चपला दारात असताना अनवाणीच रस्त्यापर्यंत गेले आन् मग चपलासाठी माघारी आले.

सर माझ्याकडं बघायले. मी फरशी पुसायले. पुसलेलीच पुसायले.

आठ दिवसानं मांजरसुंब्याकडून एक जीप आली. त्यातून तपासून घ्यायला सगळे बाप्येच उतरले. माझी नोकरी लागल्यापून आसं कवा झालं न्हाई. एकटा दुकटा बाप्या यायचा तो बी तोंड झाकून, आन् हे सहाजण, दोघांच्या आया संगं आलेल्या. त्यातला एक माझ्याजवळ येऊन हळूच म्हणला, "मावशी, आवाजवाली मशीन हीच का?"

मला चक्करच आली.

सचिवांनी सकाळी दूध घालायला आलेल्या माणसामाणसाला सांगितलतं. आन् वरून आसंबी सांगितलतं की सरांना इचारू नका, सर खोलीत असले की मशीन बोलत न्हाई. मग काय, जो आत जाईल तो पलंगावर झोपून म्हणायचा, "सर, तुमी जरा बाहेर जाता का?"

सर म्हणायचे, "मी बाहेर गेलो तर तपासणार कोण?"

"ते व्हईल की."

सर बिचारे मला म्हणले, "मावशी, ह्यांना माझी लाज वाटायली. पण यायलेत हे चांगलंय. दूध संस्थेच्या सभेत मी भाषण केलतं ना, त्याचा परिणाम हाय." त्या भाषणाच्या येळेला लोक चहा कवा येतो ते बघायलते, आसं मला आमच्या ह्यांनी सांगितलतं. टँकर तिथंच उभा व्हता. पण मी म्हणलं, "व्हय सर, भाषणाचाच."

छावणीवरून एक म्हातारा आला, त्याला सोताला काही नको व्हतं. म्हणला, "वळूची करता का? दोन वर्षं झाली गाई उलटायल्यात, गाभण राहीनात. टेंपोत आणलाय, खालीच हाय." खरंच आणलता. सरांनी त्याला जनावराच्या दवाखान्याचा रस्ता दाखवला तर म्हणला, "तिथली मशीन बोलत न्हाई."

आवाज पुन्हा कुणाला आला न्हाई, कारण मी छकुलीला पोटभर पाजूनच खोक्यात टाकायची आन् ती दगडावानी झोपायची. माणसं बाहेर येऊन उदास व्हऊन इचारायची, मी म्हणायची, सगळ्यांनाच येत न्हाई. झालं, एका खोट्याचे दोन झाले. पण एक गंमत बघा. ज्याला आवाज आला न्हाई तो मुकाट्यानं सरांचं ऐकायचा, गोळ्या घ्यायचा, एक-दोघांनी तर आपरेशनबी करून घेतलं. आन् ज्याला आवाज आला तो एकटाच तसा राहिला. सरांनी दोनदा फोन लावला, सचिव म्हणले, "मला काय झालंय?"

मी मनातल्या मनात म्हणायची, जाऊ दे, राहीना का तसा, कुणाचं काय बिघडलं?

बिघडलं ते सुमनताईचं. एक दिवस दुपारी ती एकटीच आली. हातात कापडी पिशवी, तोंड उन्हानं काळं पडलेलं. सर जेवायला घरी गेलते, बाकी कुणी न्हाई. बाकड्यावर बसली, पाणी दिलं ते प्याली न्हाई.

"मावशी, खरं सांग. मशीनमधून आवाज आलता का?"

"कावून, ताई?"

"जिजी म्हणत्यात, मशीननं निकाल दिला. माझ्या लेकाच्यात लेकरू हाय, ते मशीनमधी रडलं. मग ते नऊ वर्षं बाहेर का आलं न्हाई? तर हिच्यामुळं." जिजी म्हंजी तिची सासू. "माझ्या भावाला निरोप धाडलाय, हिला घेऊन जा. सोमवारी जिजीच्या बहिणीच्या गावात दुसरीची सुपारी फोडायचीय. नारायणगडावर नारळसुद्धा फोडून आली जिजी."

"आन् सचिव काय म्हणतात?"

"ते काय म्हणत्यात! आकडा वाचणारा माणूस. इतके दिवस मला म्हणायचे, तुझा काय दोष न्हाई. आता खाली बघून म्हणत्यात, मशीन खोटं बोलत न्हाई, सुमन."

मशीन खरंच खोटं बोलत न्हाई व्हो. खोटं मी बोलले व्हते. माझ्या एका "व्हय" पायी ही बाई नऊ वर्षाचा संसार सोडून चाललीय, आन् तरी माझं तोंड उघडंना. मी आपली नोकरी धरून बसले. छकुलीचं दूध, खोलीचं भाडं, ह्यांचा टँकर पाऊस पडला की बंद, सगळं डोळ्यापुढं.

छकुलीलाच राहवलं न्हाई. आतून आली की ऐकू, टॅहँ.

सुमनताई उठली. मशीनच्या खोलीचं दार उघडलं. मशीन बंद, वर निळा कपडा घातलेला. पडद्यामागं गेली. खोक्यात छकुली पाय उडवीत रडायली.

सुमनताई बघतच राहिली. मग खाली फरशीवर बसली आन् हसायला लागली. आसं हसली, आसं हसली की पोट धरलं, आन् हसता हसता कवा रडायला लागली ते तिलाबी कळलं न्हाई. मी तिचे पाय धरले. म्हणलं, ताई, मी सांगते सरांना, आत्ता सांगते.

"गप," ती म्हणली. डोळे पुसले. "तुझी नोकरी घालवून मला काय मिळंल? आमच्या घरात माझं कुणी ऐकणार न्हाई, सरांचं ऐकणार न्हाई. ऐकलं तर मशीनचं ऐकतील, न्हाईतर मशीनच्या मावशीचं. उद्या जिजी येणार हाय तुला इचारायला. तिला सांग, आवाज आलता, पण वाट अडलीय. आपरेशन केल्याबिगर लेकरू बाहेर येत न्हाई."

"म्हंजी आणखी खोटं?"

"आधीचं काय खरं व्हतं?"

रातभर मी ते पाठ केलं. आवाज आलता, वाट अडलीय. आवाज आलता, वाट अडलीय.

दुसऱ्या दिवशी सर जेवायला गेले आन् तिघं आली. जिजी पुढं, नऊवारी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, मागं सचिव, त्यांच्या मागं सुमनताई. जिजी बाकड्यावर बसली, मला समोर उभं केलं.

"तू का गं मशीनची मावशी? मला वाटलं मोठी आसंल. तू ऐकला आवाज?"

"ऐकला, आज्जी." हे तर खरंच व्हतं.

"पोराचा का पोरीचा?"

तेवढ्यात माझी नजर भिंतीवर गेली. तिथं मोठा बोर्ड हाय, पोरगं का पोरगी ते इथं सांगत न्हाईत, सांगणं गुन्हा हाय. मी बोट केलं. "आज्जी, ते सांगता येत न्हाई. जेल व्हती."

"माझ्याच लेकाच्या पोटातलं मला सांगायला जेल?"

"जिजी, पोटातलं न्हाई," सचिव हळूच म्हणले.

"तू गप. बरं, मग ते बाहेर कावून यीना?"

आता पाठ केलेलं म्हणायचं व्हतं. मी तोंड उघडलं. सुमनताईकडं बघितलं. ती माझ्याकडं न बघता पिशवीचा बंद पिळायली. आन् मला काय झालं कुणाला ठावं, पाठ केलेलं सगळं इसरलं. मी सचिवांना म्हणलं,

"दादा, तुमच्या संस्थेतलं दूध गार करायची मशीन बंद पडली तर काय व्हतं?"

"नासतं की. गेल्या आठवड्यात लाइटीमुळं दोन कॅन गेलं."

"दूध चांगलं आसलं तरी?"

"कितीबी चांगलं आसू द्या. फॅट लागू द्या न्हाईतर न लागू द्या. गरमीत ठेवलं की गेलं."

"तुमचं तेच झालंय. सरांनी चित्रात बघितलंय. त्या शिरात गरम रक्त तुंबलंय. गार राहायची जागा गरम झालीय."

सचिव थांबले. आठरा वर्षं दूध मोजलेला माणूस, डोक्यात काहीतरी फिरायलं ते दिसायलं. "म्हंजी..." ते म्हणले, "म्हंजी माझं चिलिंगच बंद हाय?"

"व्हय."

"मग सर आसं कावून न्हाई म्हणले?"

"सर शिकलेले हाईत."

जिजी दोघांकडं बघायली. मी तिच्यापुढं खाली बसले. आता निघालं ते निघालं. "आज्जी, तुमी जलमभर दूध तापवलंय. नासकं दूध नव्या कढईत वतलं तर चांगलं व्हतं का?"

जिजी सुनंकडं न बघताच म्हणली, "कढई नऊ वर्षं घासली मी." आन् पदरानं तोंड पुसलं.

मला वाटलं, सुटले. आवाजाचं इचारतच न्हाईत आता.

आन् आतून छकुली रडली.

जिजी ताडकन उठली. "आला! आला आवाज!" दोन्ही हात जोडून दाराकडं. सचिव पांढरेफटक, मागं सरकले. सुमनताईनं डोळे मिटले. आन् त्याच टायमाला बाहेर सरांच्या गाडीचं दार वाजलं.

मी आत गेले, खोक्यातून छकुलीला उचललं आन् बाहेर आणून जिजीच्या हातात दिली. म्हणलं, "हा घ्या आवाज. त्या दिवशीबी हाच व्हता. माझी पोरगी हाय. सरांच्या भ्यानं मी खोटं बोलले. आता काय करायचं ते करा."

जिजी हातातल्या पोरीकडं बघती, पोरगी जिजीच्या कुंकवाकडं बघती. रडायची थांबली. कुंकवाला हात लावला, बोट लाल केलं, तोंडात घातलं. सर दारात.

"हे लेकरू कुणाचं? आत कसं आलं?"

मी सांगायच्या आधीच जिजी म्हणली,

"माझी नात हाय."

सरांनी सचिवांकडं बघितलं. नऊ वर्षाची फाइल सरांना पाठ. सचिवांनी छताकडं बघितलं.

"लांबची हाय," जिजी म्हणली. "तुमची हरकत हाय का?"

"न्हाई," सर म्हणले. "फकस्त मशीनजवळ नेऊ नका. वायर चावतात."

"आन् ह्याचं आपरेशन कवा करता? चिलिंग बंद पडलंय ह्याचं."

सर माझ्याकडं बघायले. मी फरशी पुसायले.

जाताना जिजीनं छकुली माझ्याकडं दिली. दारात थांबून कानाशी म्हणली, "पोरीचाच व्हता म्हण की आवाज. खणखणीत हाय." आन् खोटं बोलल्याबद्दल माझ्या गालावर एक चापट दिली, लागंल आशी. ती मला रास्त वाटली.

सोमवारची सुपारी फुटली न्हाई. सचिवांचं आपरेशन झालं. तीन महिन्यानं आकडा थोडा वाढला, पुढं काय व्हईल ते सरबी सांगत न्हाईत आन् मीबी. सुमनताई तिच्या घरी हाय. छकुली आता चालती, दिवसा सासूबाईंपाशी राहती, गाईबी माघारी आल्यात. सरांना अजून काही ठावं न्हाई. सर इंग्रजी पेपर वाचतात, हा अंक वाचायचे न्हाईत, आसं धरून लिवलंय. वाचला तर, सर, खोका मी कवाच फेकलाय.

पण एक गोष्ट राहिलीय, आन् तिच्यापायी मी हे लिवलं. माणसं अजून यायलीत. लांबलांबच्या गावची. सचिव आता कुणाला काही सांगत न्हाईत, पण सांगितलेलं फिरायलंच हाय.

परवाच एक आला. पंचवीस-सव्वीसचा, नवा शर्ट, घामानं ओला झालेला. बायको आन् आई मागं बाकड्यावर. बायकोच्या हातात तिच्या रिपोर्टांची जाड फाइल, कोपरे दुमडलेले. आई म्हणायली, चल माघारी, बाप्याचं काय तपासायचं आसतंय? तो एक पाय दारात, एक पाय बाहेर, आन् मला हळूच म्हणला, "मावशी, खरं सांगा. आवाज येतो ना हिच्यात?"

न्हाई म्हणलं तर तो जाणार. मग ती फाइल आणखी जाड व्हणार, पुढच्या वर्षी तीच बाई, तीच सासू, तोच तांब्या. आन् व्हय म्हणलं तर मला जिजीची चापट आठवती, आन् सुमनताईची पिशवी.

तो माझ्या तोंडाकडं बघायलता. त्याची बायकोबी बघायली व्हती. माझ्या हातात त्याची चिठ्ठी.

तुमी माझ्या जागी असता, तर काय म्हणला असता?